एक डबी, चौसष्ट जीबी

पुन्हा सांगू? अहो, मागच्याच महिन्यात चौघांना सांगितलं, त्याच्या आधी त्या चष्मेवाल्या मुलीला सांगितलं, आणि आता तुम्ही तिघं... सूनबाईच्या कॉम्प्युटरच्या कचेरीत नवीन कोणी लागलं की ती त्याला उचलते आणि माझ्या दुकानात आणून बसवते. म्हणते, बाबा, तेवढं सर्व्हरचं सांगा यांना. म्हणजे बघा, मी आपणहून एखादी गोष्ट दोनदा सांगितली तर घरातली माणसं एकमेकांकडे बघतात, आणि हिनं सांगायला लावली की त्याला ट्रेनिंग म्हणायचं. बसा आता. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मोडका आहे. कोणी मोडला, कधी मोडला, बसताना काय बोलत होता, सगळं आठवतंय मला. आणि मेमरी कमी कोणाची? तर माझी.

तर तुम्हाला सांगतो, माझा धंदा शिवणाची मशिनं दुरुस्त करायचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी येऊन ओढून न्यायचे म्हणून. पण मशीन आणा. डोळे बांधा माझे, आणि चाक फिरवा. कुठला स्क्रू ढिला आहे ते कानानं सांगतो. एकदा हातातून गेलेलं मशीन पुन्हा वीस वर्षांनी आलं तरी ओळखतो, बाई बदलली असली तरी ओळखतो, एकदा तर आईचं मशीन मुलगी घेऊन आली आणि मी मशिनावरून मुलगी ओळखली. कुठं लिहून ठेवलं होतं का? नाही. वही नाही, पाटी नाही, काही नाही. हे बघा, इथं, या टाळक्यात.

आता या टाळक्याला दृष्ट लागली ती माझ्या साडूची.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा; धाकटी असली तरी घरात सगळे तिला ताईच म्हणतात. त्याचंही दुकान आहे, दोन गल्ल्या सोडून, शिवणाच्या मशिनांचंच. त्याला हा धंदा कोणी शिकवला? मी. लग्न झालं तेव्हा हा बेकार, सासऱ्यांनी माझ्यासमोर हात जोडले, म्हणाले, जावईबापू, याला जरा हाताखाली घ्या. घेतला. सुईची सपाट बाजू कुठल्या अंगाला येते हेसुद्धा ठाऊक नव्हतं हो त्याला. उलटी सुई बसवायचा, टाका पडत नाही म्हणून मशिनालाच चापट मारायचा. त्याला मी शिकवलं, आणि त्यानं काय करावं? माझ्याहून मोठी पाटी लावावी. मी एक पंखा लावला की त्यानं दोन लावावेत. मी काच बसवली की त्यानं आरसा बसवावा. आणि आमची ही, म्हणजे माझी बायको, दर वेळी ताट वाढता वाढता म्हणणार, ताईचे हे बघा कसे पुढे गेले. अहो, ताईचे हे पुढे गेले ते माझ्या खांद्यावर पाय देऊन गेले, ते नाही दिसत?

तर एकदा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. दोन्ही घरं बसलेली. मी एक गोष्ट सांगत होतो, एका शिंप्याची, ज्याच्या मशिनात सोन्याची नथ सापडली आणि ती त्याच्या बायकोची नव्हती. चांगली गोष्ट आहे, नंतर सांगेन. ऐन रंगात आलो, आणि हा साडू भाताचा घास हातात धरून म्हणतो काय, "साडूभाऊ, ही तुम्ही मागच्या वेळी पण सांगितली होती." मी म्हटलं, असेल, चांगली गोष्ट दोनदा सांगतात. तर म्हणतो, "नाही, तुमची मेमरी कमी पडायला लागली. आपल्याकडे बघा. बत्तीस जीबी." आणि सदऱ्याच्या खिशावर असे दोन टिचक्या मारल्या.

हसली की सगळी. माझा पोरगा हसला, साडूची दोन्ही पोरं हसली, आमची ही तोंडाला पदर लावून हसली. मेहुणी तेवढी हसली नाही, ती आपली ताटातला भात चिवडत राहिली. मला वाटलं, चला, घरात एकीला तरी लाज आहे.

मग कळलं की त्यानं दुकानाची वेबसाइट काढलीय. म्हणजे गिऱ्हाइकानं घरबसल्या फोनवर मशिनाचा नंबर टाकायचा, की कुठला भाग लागेल, दुकानात शिल्लक आहे का, सगळं समोर हजर. आणि ते सगळं एका सर्व्हरमध्ये, आणि त्या सर्व्हरला मेमरी बत्तीस. तुम्हाला सांगतो, मला झोप... जाऊ दे, झोप लागली, पण घास गोड लागेना. माणसाला पंख्याचं वाईट वाटत नाही, पाटीचं वाटत नाही, पण मेमरी? ती माझी मिरवायची वस्तू हो. गावात एखादा पैलवान असतो, एखादा गाणारा असतो, तसा मी आठवणारा. आणि ज्याला काल केलेल्या मशिनाचं तोंड आज आठवत नाही, त्यानं बत्तीस जीबी घेऊन माझ्यासमोर बसावं? आणि मेमरी कमी कोणाची? तर माझी.

दुसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, मला पण वेबसाइट पाहिजे. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. कारण दोन वर्षांपूर्वी तीच मागं लागली होती, बाबा, आपण दुकानाचं सगळं कॉम्प्युटरवर घेऊ या, आणि मीच तिला सांगितलं होतं की या दुकानात यंत्र एकच राहील, शिवणाचं. तेव्हापासून बिचारी संध्याकाळी नुसती माझ्यापाशी येऊन बसायची आणि विचारायची, बाबा, हे कशाचं, ते कुठं बसतं, शिवणशाळेतल्या मशिनांचं काय काय दुखणं आहे... आणि मी सांगायचो. कोणी विचारलं की मी सांगतो, माझा स्वभावच तसा. ती फोनवर काहीतरी टिपत असायची. मला वाटायचं, माहेरी निरोप पाठवत असेल.

तर ती म्हणाली, देते करून. मी म्हटलं, पण मेमरी बत्तीसच्या वर पाहिजे.

आता सूनबाई काय करते माहीत आहे ना, रागवत नाही. प्रश्न विचारते. रागवलेली बरी. म्हणाली, बाबा, दिवसाला दुकानात माणसं किती येतात? मी म्हटलं, अकरा. ती म्हणाली, खरं सांगा. मी म्हटलं, त्यातली दोन पत्ता विचारायला. म्हणाली, मग नऊ माणसांना एक जीबी पुष्कळ झाला, त्यातलाही निम्मा मोकळा राहील. एक! साडूला बत्तीस, आणि घरच्या सासऱ्याला एक? मी म्हटलं, सूनबाई, मी एवढं विसरतो असं वाटतं का तुला?

तेव्हा तिनं सांगितलं ते तुम्ही लिहून घ्या, कारण यासाठीच तुम्हाला आणलंय. म्हणाली, बाबा, नावावर जाऊ नका. मेमरी म्हणजे आठवण नाही. मेमरी म्हणजे तुमचं हे टेबल. काम करताना जे पसरायचं ते पसरायला जागा. दुकान बंद केलं की टेबल रिकामं. आणि जपून ठेवायचं ते कुठं ठेवता? मागच्या खणांत. ते खण म्हणजे डेटाबेस. आता सांगा, एका वेळी मशिनं किती उघडता? मी म्हटलं, एक. फार तर दीड. म्हणाली, मग दीड मशिनासाठी लग्नाच्या हॉलएवढं टेबल कशाला? टेबल मोठं केलं म्हणून हात काही दोनाचे चार होत नाहीत. टेबल भरून वाहायला लागलं, मशिनं जमिनीवर ठेवायची वेळ आली, की तेव्हा वाढवू. वाढवायला एक दुपार लागते.

आणि खण किती? तर म्हणे एक. डेटाबेस म्हणजे एक फाइल. लिहिणारे तुम्ही एकटे, वाचणारी पाचपन्नास माणसं, एका फाइलीला काही धाड भरत नाही. रोज तिची एक प्रत काढून बाजूला ठेवायची, म्हणजे झालं. जिथं शंभर माणसं एकदम लिहायला बसतात तिथं मोठा डेटाबेस लागतो, त्याला वेगळा नोकर लागतो, त्या नोकराला वेगळी मेमरी लागते. तुमच्याकडे कोण शंभर माणसं लिहिणार?

पटलं होतं हो. खोटं का बोलू. टेबलाचं एकदम पटलं. पण पटणं वेगळं आणि सोसणं वेगळं. चार माणसांत साडूनं विचारलं असतं की साडूभाऊ, तुमची किती, तर मी काय सांगणार होतो? एक? आणि वर एक फाइल? फाइल तर रेशनच्या दुकानात पण असते.

मी गेलो गुपचूप सर्व्हरवाल्याकडे.

तो बसतो एका काचेच्या खोलीत. बाहेर जोडे काढायला लावतो, आत थंडी, भिंतीवर डोंगराचं चित्र. मी म्हटलं, मला सर्व्हर पाहिजे, साडूपेक्षा मोठा. त्यानं साडू कोण ते विचारलंसुद्धा नाही, नुसता हसला. अशी पुष्कळ साडवं येत असतील त्याच्याकडे. मग सुरू झाला. "काका, स्केल करायचंय ना?" मी म्हटलं, पट्टी आहे माझ्याकडे, पोलादी. तर म्हणाला, तसं नाही, उद्या ट्रॅफिक वाढला तर? अहो, माझ्या गल्लीत समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकाला उतरावं लागतं, ट्रॅफिक कुठला वाढतोय. पण त्यानं विचारलंच असं, की नाही म्हटलं तर आपण धंद्याला अपशकुन केल्यासारखं. मी म्हटलं, वाढणार. तो म्हणाला, मग चौसष्ट घ्या.

चौसष्ट. बत्तिसाच्या बरोब्बर दुप्पट. तुम्हाला सांगतो, कानात कोणी ताजं तेल सोडल्यासारखं वाटलं. चौथी शिकलेला असलो तरी पाढे पक्के आहेत माझे.

आणि डेटाबेस तीन. एक मालाचा, एक गिऱ्हाइकांचा, आणि तिसरा पहिल्याची नक्कल. मी विचारलं, नक्कल कशाला? तर म्हणाला, काका, लिहायचं मुख्य खणात आणि लोकांनी वाचायचं नकलेतून, म्हणजे मुख्य खणावर भार येत नाही. नऊ माणसांचा भार! त्यातली एक तर शेजारची म्हातारी, ती सुई ओवून घ्यायला येते, तिच्याकडे फोनसुद्धा नाही. पण मी मान डोलावली. अशा खोलीत बसलं ना, की मान आपोआप डोलते.

आता तुम्ही विचाराल, घाई कसली होती? तेच सांगतोय. शिवणशाळा. आमच्याकडे एक मोठी शिवणशाळा आहे, तिथं साठ मशिनं. अठ्ठावीस वर्षं ती मशिनं माझ्या हाताखाली. एकेकाचा स्वभाव ठाऊक. नऊ नंबरचं रडकं, तेल दिल्याशिवाय हलत नाही. एकतीस नंबरचं उधळं, पाय ठेवला की सुटलंच. सतरा नंबरचं लंगडं, त्याचा डावा पाय जरा दाबून धरला की गप्प चालतं. पण जुन्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या आल्या. त्यांनी सांगितलं, आता तोंडी काही चालणार नाही. तुमचं दुकान आणि तुमच्या साडूंचं दुकान, दोघांच्याही वेबसाइट मी महिनाभर वापरून बघणार, जिचा भरवसा वाटेल त्याच्याकडे साठही मशिनं.

म्हणजे कळलं ना काय लागलं होतं पणाला? साठ मशिनं गेली म्हणजे साठ मशिनं नुसती जात नाहीत. मी ओळखतो ती सगळी कुटुंबंच उठून साडूच्या घरी राहायला जाणार. आणि नऊ नंबरच्या रडक्याला तो चापट मारणार, मला माहीत आहे ना त्याची सवय.

तर माझी चौसष्टवाली सुरू झाली. देखणी होती. उघडली की आधी एक मशीन गोल गोल फिरायचं. मी आमच्या हिला रोज दाखवायचो, बघ, ताईच्या ह्यांचं फिरतं का? ती म्हणायची, फिरत नाही, लगेच उघडतं. बायको आहे की काय आहे.

आणि मग तो दिवस. सोमवारी मुलींची परीक्षा, आणि शनिवारी सकाळी मोठ्या बाई स्वतः दुकानात. हातात फोन. म्हणाल्या, सतरा नंबरची डबी तुटली. डबी म्हणजे आतली ती लोखंडाची, जिच्यात खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते. त्यांचे शब्द मोठे होते, बॉबिन केस वगैरे, मी त्यांना म्हटलं, बाई, डबी म्हणा, आणि सतरा नंबर म्हणजे ते लंगडं ना, त्याला डाव्या खाचेची लागते, दुसरी बसवाल तर दोरा खाईल. बाईंनी जरा चमकून बघितलं. म्हणाल्या, हो, तीच, आणि तुमच्या साइटवर लिहिलंय एक शिल्लक आहे, द्या.

एक शिल्लक नव्हती हो! आदल्या संध्याकाळीच विकली होती मी, एका टोप्या शिवणाऱ्याला. आणि विकली तशी या बोटानं नोंदवलीही होती. मला आठवतंय ना! मी म्हटलं, संपली. त्या म्हणाल्या, यात तर आहे म्हणतंय. मी म्हटलं, पुन्हा उघडा. पुन्हा उघडली. मशीन गोल गोल फिरलं, आणि खाली, एक शिल्लक. मी माझ्या फोनवर उघडलं, तिथं शिल्लक शून्य. म्हणजे मालकाला शून्य आणि गिऱ्हाइकाला एक. चांगल्या चांगल्या लबाड दुकानदाराला जे जमलं नसतं ते माझ्या चौसष्ट जीबीनं करून दाखवलं.

सर्व्हरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, काका, तुम्ही लिहिलंत ते मुख्य खणात आहे, बाई बघताहेत ती नक्कल. नक्कल जरा मागाहून येते. मी म्हटलं, जरा म्हणजे किती? म्हणाला, एरवी क्षणभर, पण तुमची कालपासून अडकलेली दिसतेय. मी म्हटलं, अरे, चौसष्ट जीबी आहे ना, मग अडकली कशी? तर म्हणतो, काका, त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

संबंध नाही. हे दोन शब्द ऐकायला मी चौसष्ट घेतली.

बाई तेवढ्या वेळात निघाल्याही. दोन गल्ल्या सोडून. पाच मिनिटांत डाव्या खाचेची डबी पिशवीत घालून माझ्या दारावरून परत गेल्या. नमस्कारही केला. तो नमस्कार कसा होता सांगू? दवाखान्यातून घरी जाणाऱ्यानं तिथंच राहिलेल्याला करावा, तसा.

आत्ता चहा घ्या. सूनबाईचं ट्रेनिंग इथं संपतं. तिला एवढंच शिकवायचं असतं तुम्हाला, की छोट्या कामाला छोटं टेबल, एक खण, आणि गरज पडली की वाढवा, शेजाऱ्याकडे बघून घेऊ नका. झालं. पण ती बघा, फोन आला म्हणून बाहेर गेली, आता लवकर येत नाही. पुढचं तिचं नाही, माझं आहे. आणि बाहेर बोलायचं नाही कोणी, मेहुणीची शपथ आहे.

मी दुकान तसंच उघडं टाकून घरी गेलो. सूनबाई जेवत होती. मी म्हटलं, सांग मला, त्याची बत्तीसवाली धडधड चालते आणि माझी चौसष्टवाली खोटं बोलते, हा न्याय कुठला? तिनं हात धुतले, लॅपटॉप उघडला, माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, ही काकांची, तुमच्या साडूंची. मी बघितलं. मेमरी, एक जीबी. डेटाबेस, एक फाइल. मी म्हटलं, आणि बत्तीस? म्हणाली, बत्तीस त्यांच्या फोनच्या खोक्यावर लिहिलंय, बाबा. त्यांना वाटतं ते सगळं त्या खिशातच आहे.

मी म्हटलं, ही बांधली कोणी? तर म्हणाली, मी.

घरची सून! माझ्या घरात राहून, माझ्या टेबलाशेजारी बसून, साडूची मेमरी बांधते. मी बोलायला तोंड उघडलं, आणि डोळे पडद्यावर गेले. तिथं काय लिहिलेलं? नऊ नंबर, रडकं, तेल दिल्याशिवाय हलत नाही. एकतीस, उधळं. सतरा, लंगडं, डावा पाय दाबला की गप्प. खाली डबी, तिच्यापुढं, डाव्या खाचेची, दुसरी दोरा खाते. सगळं माझं. शब्दन् शब्द माझा. संध्याकाळी माझ्यापाशी बसून टिपलेलं. माहेरचे निरोप कसले, माझं अख्खं टाळकं उतरवून साडूच्या दुकानात नेऊन मांडलं होतं पोरीनं. आणि मेमरी कमी कोणाची? तर माझी.

मी एवढंच विचारलं, "का?"

ती म्हणाली, "मावशी रडल्या माझ्यापाशी, बाबा. काकांना आठवत नाही आता."

म्हणजे काय, तर एकाचं मशीन दुसऱ्याला देऊन टाकलं. गिऱ्हाइकाला नाव विचारलं, पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, तो हसला, मग तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसला नाही. आणि एकदा मेहुणी डबा द्यायला गेली तर हा मशिनासमोर बसलेला, टाका पडेना, आणि सुई उलटी. सपाट बाजू भलत्या अंगाला. चाळीस वर्षांनी. मेहुणीनं सूनबाईचे हात धरले, म्हणाली, त्यांना कळू न देता काहीतरी कर, आणि तुझ्या सासऱ्यांना तर मुळीच सांगू नकोस, त्यांच्यासमोर ते मरतील. मग सूनबाईनं केलं. माझ्यासाठी करून ठेवलं होतं तेच, मी नको म्हटलं होतं म्हणून पडून होतं, ते त्यांना दिलं. म्हणाली, एक फाइल दोन दुकानांना पुरते, बाबा.

आता तुम्हाला वाटेल, मला साडूची दया आली. आली. नाही कशी येणार? चाळीस वर्षं सोबतीचा माणूस आहे माझा. पण खरं सांगू? दयेच्या आत, अगदी आतल्या कप्प्यात, जळतच होतं. कारण बघा ना, मी सगळं आठवायचं, ते माझ्याकडून काढून त्याला द्यायचं, त्यानं ते वाचून दाखवायचं, साठ मशिनं त्यानं न्यायची, आणि पुन्हा ताट वाढताना कौतुक कोणाचं? ताईच्या ह्यांचं. विसरून माणूस पुढे जातो हे मी पहिल्यांदा बघितलं.

परीक्षा आटोपल्यावर मोठ्या बाई परत आल्या. मी म्हटलं, आता काय राहिलं, मशिनांचे पाय पण नेणार का? त्या म्हणाल्या, तुमच्या साडूंच्या साइटवर सतरा नंबरपुढं लंगडं लिहिलंय. मी म्हटलं, बरं मग? म्हणाल्या, ते तुमचं बोलणं आहे, शनिवारी तुमच्याच तोंडून ऐकलं. त्यांना मी विचारलं की लंगडं म्हणजे काय, तर त्यांनी मशिनाखाली वाकून बघितलं. सांगणार कसं? सूनबाईनं मेहुणीची शपथ घातली होती ना. माझ्या जन्मात एवढा गप्प मी कधी बसलो नव्हतो, जबडा दुखायला लागला. बाई शहाणी आहे, तिनं पुढं विचारलं नाही. म्हणाली, मशिनं तुमच्याकडेच राहतील, पण नोंद त्यांच्या साइटवर होईल, ती चालते. तुमची ती गोल गोल फिरणारी बंद करा.

चौसष्ट जीबी बंद केली. बंद करताना सर्व्हरवाला म्हणाला, काका, वापर किती झाला माहीत आहे का? चौसष्टातला अर्धा. मी खुश झालो, म्हटलं, बत्तीस तर झाला. तो म्हणाला, बत्तीस नाही, काका, अर्धा जीबी.

आता महिन्यातून एकदा आम्ही दोघं शिवणशाळेत जातो. तो फोन धरून पुढे, नंबर मोठ्यानं वाचतो, मशिनाचं दुखणं वाचतो, आणि मी मागून पेचकस घेऊन. मुलींना वाटतं तो साहेब आहे आणि मी त्याचा मिस्त्री. माझीच वाक्यं मला वाचून दाखवतो हो, आणि वर विचारतो, कळलं का साडूभाऊ? मी म्हणतो, कळलं.

राहता राहिली ती जेवणातली गोष्ट. सगळ्यांसमोर मला म्हणाला होता ना, मेमरी कमी पडतेय? ते मेहुणीच्या मनाला लागलं होतं. तिनं त्याला समजावलं, पढवलं, त्याच्या अंगात धुतलेला सदरा घातला आणि माझ्याकडे पाठवलं, माफी मागायला. मला आधी कळवलंही, येताहेत, जरा सांभाळून घ्या. मी तयार होऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं, दोन मिनिटं ताणायचं, मग सोडून द्यायचं. आला. बसला. पाणी प्यायला, पंख्याकडे बघितलं, टेबलावरचं मशीन उघडं होतं त्यात वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साडूभाऊ, मी कशाला आलो होतो?"

आता काय सांगणार? सांगा ना, तुम्ही शिकलेली माणसं आहात. माफी मागायला आला होतास असं सांगू? मी खणातून सुयांचं एक पाकीट काढलं, म्हटलं, सुया न्यायला. तो म्हणाला, हां, बरोबर, आणि गेला.

मेहुणीनं पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. पुन्हा पाकीट. आतापर्यंत सात वेळा आलाय. आज त्याच्या दुकानात माझ्यापेक्षा जास्त सुया आहेत, आणि आमची ही परवा ताट वाढता वाढता म्हणते, ताईच्या ह्यांच्याकडे सुयांचा केवढा साठा, बघा जरा... तो बोलला आणि विसरून मोकळा झाला. मी ऐकलं आणि एक अक्षर विसरलो नाही, भातासकट, टिचक्यांसकट. तेव्हा तुम्ही जाता जाता दोन गल्ल्या पुढे गेलात आणि आरसेवाल्या दुकानात एक म्हातारा खिशावर हात ठेवून बसलेला दिसला, तर त्याला काही विचारू नका, सुई उलटी नाही ना तेवढी बघा. पण माफी मागायची राहिली आहे ती त्यानं. माझ्या साडूनं.